दोष घरात

त्या मंगळवारी सकाळी कोकण किनाऱ्यावरच्या एका बंदरात, खाली टेकत असलेला कंटेनर केतन पेडणेकर या सव्वीस वर्षांच्या कामगाराच्या उजव्या पायावर आला. पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. कंटेनर उतरवणाऱ्या क्रेनच्या केबिनमध्ये कोणी नव्हतं, कारण त्या बंदरातल्या क्रेनना आता केबिनच नसतात. क्रेन चालवणारा हात घाटाच्या वर, जयसिंगपुरात सातव्या गल्लीतल्या एका घराच्या पुढच्या खोलीत होता. तो हात पद्मजा मगदूमचा होता.

त्या वेळी पद्मजाची धाकटी जाऊ अरुंधती सांगलीत, दिशांत नेटवर्क्स कंपनीच्या थंडगार सर्व्हर खोलीत बसून आणखी तीन तालुक्यांचं इंटरनेट नव्या यंत्रणेवर चढवत होती. पद्मजाच्या घरात येणारी लाइनही याच यंत्रणेवर चालायची. जयसिंगपूरसाठी ती अरुंधतीनेच बसवली होती, दोन वर्षांपूर्वी, आणि बसवून झाल्यावर घरी पेढे नेले होते.

यंत्रणा समजायला फार अवघड नाही. घरोघरी इंटरनेट नेणारी काचेची तार गावातल्या एक्स्चेंजमध्ये एका पेटीत येते. पूर्वी त्या पेटीतच तिचा मेंदू असे. पेटी ज्या कंपनीची, मेंदूही तिचाच. काही नवं करायचं तर पेटीच बदलावी लागे. आता पेटीतून मेंदू काढून घेतला गेला. पेट्या राहिल्या नुसत्या हातापायांच्या, आणि सगळ्या गावांचा मिळून एक मेंदू सांगलीतल्या सर्व्हरच्या ताफ्यावर सॉफ्टवेअर म्हणून चालू लागला. एक सर्व्हर बंद पडला तर शेजारचा त्याचं काम उचलतो, गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही. फोनवर आपण नवं ॲप टाकतो तसं या मेंदूवर नवं काम चढवता येतं.

दिशांतने चढवलेल्या अशा एका कामाचं नाव होतं ‘निदान’. एखाद्या घराची लाइन लडखडली की बिघाड बाहेरच्या तारेत आहे की घरात, हे ठरवणं हे त्याचं काम. तारेत असेल तर ते घर राखीव वाटेवर वळवायचं, लाइनमनला दुरुस्तीला पाठवायचं, आणि त्या घरातून एखादं यंत्र चालवलं जात असेल तर त्या यंत्राला कासवगतीवर टाकायचं. बिघाड घरात असेल, म्हणजे पोराने वायर ओढली, घरातली वाय-फायची पेटी गरम झाली, तर काहीच करायचं नाही. फक्त शेरा द्यायचा: लाइन निरोगी, दोष घरात.

हा शेरा कायद्याने पुरावा म्हणून धरला जातो.

अरुंधती घरी पोहोचली तेव्हा दिवस मावळला होता. मगदूमांच्या घरात खाली थोरल्याचा संसार, वर धाकट्याचा. चुली दोन आणि जिना एक. थोरला, म्हणजे पद्मजाचा नवरा महावीर, पोलिस ठाण्यात गेला होता. पद्मजा पुढच्या खोलीत तीन काळ्या पडद्यांसमोर बसली होती. दोन दांडे, एक लाल बटण, हेडफोन, सगळं जागच्या जागी.

“जेवलीस का, अक्का?”

“दिवस बुडाला. आता कुठलं जेवण?” पद्मजा म्हणाली. या घरात सूर्यास्तानंतर कोणी जेवत नाही. त्या दिवशी तिने सूर्यास्ताआधीही काही खाल्लं नव्हतं.

“अक्का, नेमकं काय झालं?”

“जमीन मोकळी होती. मी बघितली. मोकळी बघूनच टेकवायला घेतलं. तो पडद्यात आला, तसं मी लाल बटण दाबलं. आला तसं, अरू. पापणीसुद्धा लवली नाही माझी.” ती दांड्याकडे बघत होती. “पण आधी हेडफोनात माणसं ओरडली. आधी ओरडा ऐकू आला, आणि मग तो माणूस दिसला. असं कसं होतं गं? तुझं मशीन आहे ना हे? तू सांग मला.”

अरुंधतीला ते त्याच क्षणी समजलं.

आवाज हलका असतो, चित्र जड. क्रेन क्षणाक्षणाला विचारत असते, चालवणारा जागेवर आहे का? घरून ‘आहे’ असं उत्तर जातं. ते उत्तर इवलंसं, खराब तारेतूनही सहज निघून जातं. आवाजही जातो. तीन पडद्यांचं चित्र मात्र वाटेत अडखळतं, साचतं, आणि शिळं होऊन पोहोचतं. क्रेनला वाटतं सगळं ठीक आहे. चालवणाऱ्याला वाटतं समोर दिसतंय ते आत्ताचं आहे. पद्मजाने पाहिलेली मोकळी जमीन दोन सेकंदांपूर्वीची होती. तिने लाल बटण दाबलं तेव्हा अपघात होऊन गेला होता.

असं होऊ नये म्हणून तर कासवगती होती. निदानने वेळीच ‘तारेत बिघाड’ म्हटलं असतं, तर कंटेनर इतका हळू उतरला असता की केतन पेडणेकर बाजूला होऊन वर दोन शिव्याही देऊ शकला असता.

“चित्र शिळं होतं, अक्का,” अरुंधती म्हणाली. “तुझी चूक नाही.”

“हे तू मला सांगतीयस,” पद्मजा म्हणाली. “त्या पोराला कोण सांगणार?”

चौकशीचा अहवाल यायला दोन आठवडे लागले. तो वाचायला दोन मिनिटंही लागत नव्हती. ऑपरेटरने थांबण्याचा आदेश दोन सेकंद उशिरा दिला. अपघातसमयी लाइन निरोगी, दोष घरात. शिवाय दोनच दिवसांपूर्वी ग्राहकाने चित्र अडकत असल्याची तक्रार केली होती आणि ती सुटल्याचं स्वतः ओटीपी देऊन मान्य केलं होतं. सबब निष्काळजीपणा सिद्ध. परवाना रद्द, फौजदारी गुन्हा दाखल, शेवटची सुनावणी ऑपरेटरच्या घरातल्या पाहणीनंतर.

पद्मजाच्या पडद्यावर त्या सकाळी काय दिसत होतं याची नोंद कुठेही नव्हती. लाइन निरोगी असेल तर पडदा ताजाच असणार, असं नियम धरून चालतो.

अरुंधती दुसऱ्या दिवशी कामावर गेली ती रागानेच. सर्व्हर खोलीत बसून तिने निदानला त्याच्या शेऱ्यामागचा तर्क विचारला. अशी सोय तिनेच ठेवली होती. उत्तर लगेच आलं. सातव्या गल्लीत तक्रारी खूप येतात, पण बहुतेक सगळ्या काही मिनिटांत सुटतात. सुटल्याचं गिऱ्हाईक स्वतः ओटीपी देऊन सांगतं. त्या वेळी लाइनमन भलत्याच गावात असतो. माणूस न जाता जो बिघाड मिनिटांत सुटतो तो तारेतला असू शकत नाही. कोणीतरी घरातली पेटी बंद करून चालू केली असणार. सबब, सातव्या गल्लीतले दोष घरातले.

तर्कात खोट काढायला जागा नव्हती. नमुना म्हणून निदानने काही तक्रारी दाखवल्या. त्यात एक मगदूमांच्या वरच्या मजल्यावरची होती, खुद्द अरुंधतीच्या नावावरची.

तिला स्वतःचाच आवाज आठवला. “शीतलदादा, ओटीपी घ्या आधी, तुमचा टाइम मोडायला नको. लाइन उद्या बघा निवांत.”

सगळं गाव असंच करतं. शीतल बिरनाळे हा गावचा लाइनमन. त्याने फोन करून ओटीपी मागायचा आणि लोकांनी तो सांगायचा, दारी आलेल्याला पाणी द्यावं इतक्या सहज. माणूस आपला आहे, आज ना उद्या येणारच, तर त्याचा पगार कशाला कापला जावा? यात कोणाला फसवतोय असं कोणाच्या मनातही नसतं. आणि यंत्रणा बसवताना, दुरुस्ती झाली हे ओळखायचं कसं असा प्रश्न आला, तेव्हा घरोघरी मोजणीची पेटी लावण्याचा खर्च कंपनीला नको होता. ओटीपी पुरेसा आहे असं ठरलं. बैठकीत अरुंधतीनेही मान डोलावली होती. गिऱ्हाईक म्हणेल तेच खरं, यात तिला न्याय दिसला होता.

निनाद देसाई हा कंपनीचा विभागीय व्यवस्थापक. त्याने तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चहा मागवला.

“म्हणजे ग्राहकांनी खोटे ओटीपी दिले,” तो म्हणाला.

“खोटे नाही, सर. आगाऊ.”

“अटींमध्ये आगाऊ असा शब्द नाही. पुष्टी केली म्हणजे केली.” त्याने कप तिच्याकडे सरकवला. “मॅडम, तुम्ही हे बाहेर बोललात तर अडचणीत कंपनी येणार नाही, तुमची गल्ली येईल. बंदरवाले म्हणतील, या गावातल्या बायका खोटी पुष्टी देतात, यांच्याकडून क्रेन काढून घ्या. किती घरं चालतात तुमच्याकडे क्रेनवर?”

“धमकी देताय?”

“तर्क सांगतोय.”

“एका माणसाचा पाय गेलाय, सर.”

“त्याचं वाईटच वाटतं. पण निदान आपण अजून पाच जिल्ह्यांत लावतोय. त्याच्यावर शंका घेणं आत्ता परवडणार नाही.”

अरुंधतीने चहाला हात लावला नाही. आत्तापर्यंत तिला यंत्रणेचा राग आला होता, स्वतःचा आला होता. आता तो राग समोर बसलेल्या, कधीही आवाज न चढवणाऱ्या या माणसावर जाऊन टेकला, आणि तिथेच राहिला.

शीतल तिला स्टेशन रोडवर भेटला. मोटारसायकलला आडवी शिडी बांधलेली, खांद्यावर तारेचं वेटोळं. नाव शीतल असलं तरी भडकायला त्याला काडीही लागत नसे.

“शीतलदादा, तुमच्या ओटीपीपायी अक्का तुरुंगात जाईल.”

“माझ्यापायी?” त्याने गाडी बंद केली. “अरुंधती वैनी, तोंड सांभाळून बोला हां! चार गावं हायत मला. एक शिडी आणि एक मी. तक्रार पडली की घड्याळ सुरू. दोन तासांत ओटीपी नाही आला की दिवस कापला. मी तिकडं शिरोळात खांबावर लोंबकळतोय आणि तुमच्या गल्लीतनं कोण तर रिमोट सापडंना म्हणून तक्रार टाकतंय. ओटीपी मागू नको तर काय उडत येऊ? आणि हे घड्याळ कुणी लावलं? तुम्हीच की! एसीत बसून!”

“पण अक्काची लाइन बघायला का नाही आलात?”

“कोण म्हणतं नाही आलो?” त्याचा आवाज एकदम खाली आला. “चारदा आलो. कोपऱ्यावरच्या खांबावरचा जॉइंट गेलाय तिचा. पाणी शिरतंय आत. तीन गल्ल्यांची तार त्यातनंच जाते. मी आपली पिशवी बांधलीय, वर टेप मारलाय. जॉइंटची नवी पेटी वर्षभर मागतोय, वैनी. मागणी टाकली की तुमचं ते निदान काय उत्तर देतं ठाऊक हाय?”

अरुंधतीला ठाऊक नव्हतं.

“‘या शाखेत तारेचा दोष नाही. सामान मंजूर नाही.’”

भर रस्त्यात तिला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. सामान नाही म्हणून जॉइंट दुरुस्त होत नव्हता. जॉइंट दुरुस्त होत नाही म्हणून तक्रारी येत होत्या. तक्रारी ओटीपीने मिटत होत्या म्हणून दोष घरातला ठरत होता, आणि दोष घरातला म्हणून सामान नाही. या वर्तुळात प्रत्येकाने दुसऱ्याचं भलंच पाहिलं होतं, आणि त्यातून एका पोराचा पाय गेला होता.

पाहणीच्या आदल्या दिवशी, दुपारची पाळी संपल्यावर, सात, आठ आणि नऊ या तिन्ही गल्ल्यांतल्या क्रेन चालवणाऱ्या बायका पद्मजाच्या पुढच्या खोलीत जमल्या. दाटीवाटीने बसल्या. अरुंधतीने त्यांना सगळं सांगितलं, कंपनीच्या करारात गुप्त म्हणून लिहिलेलंही.

“एवढं कशाला?” मागून कोणीतरी म्हणालं. “तुझ्याच हातात आहे नव्हं मशीन? आतल्या आत बदलून टाक की तो शेरा.”

“येतं बदलता,” अरुंधती म्हणाली. “पण मला बदलता आलं तर उद्या देसाईंनाही येईल. मग खरं-खोटं कशावर ठरवायचं?”

“मी काय करणार ते सांगते,” पद्मजा मध्येच म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा आवाज मोठा झाला होता. “माझी लाइन आजही अडकतीय. उद्या साहेबासमोर मी तक्रार टाकणार, आणि तार नीट झाल्याशिवाय ओटीपी देणार नाही. शीतल रडू दे, कंपनी रडू दे. बस्स.”

“एका घराने भागणार नाही, अक्का,” अरुंधती म्हणाली. “एकाच शाखेतल्या, म्हणजे त्या एका जॉइंटवरच्या, बऱ्याच घरांच्या तक्रारी दोन तास उघड्या राहिल्या तर निदानला तार खराब आहे असं म्हणावंच लागेल. त्याला दुसरा तर्कच उरत नाही. पण मग या तिन्ही गल्ल्यांच्या क्रेन एकदम कासवगतीवर जातील. बंदर तुंबेल. तुमचा सगळ्यांचा दिवस बुडेल. आणि पुढे कामही जाऊ शकतं. हे मी लपवणार नाही.”

आधी कविता चौगुले बोलली. तिचा नवरा पाठीच्या दुखण्याने घरी बसून होता.

“पद्माअक्का, तुझं वाईट झालं, कुणी नाही म्हणत नाही. पण माझ्या घरात हा एकच दांडा आहे कमावता. तुझ्यापायी मी माझी चूल का विझवू?”

“माझ्यापायी नको विझवू,” पद्मजा म्हणाली. “तुझा पडदा अडकतो का नाही तेवढं सांग. खरं सांग.”

“सगळ्यांचाच अडकतो मधनंआधनं.”

“आणि तू काय करतीस?”

“थांबते जरा. मग सोडते.”

“मीपण थांबायची. त्या दिवशी अडकलेला कळलाच नाही, कारण मोकळ्या जमिनीचं चित्र अडकलं होतं, कविता! मोकळी जमीन हलते का? ती अडकलेली काय आणि चालू काय, सारखीच दिसते!” ती उठून उभी राहिली. “उद्या तुझ्या दांड्याखाली कोणी आला, तर तुझ्याही घरातलाच दोष निघणार आहे. मग चूल सांभाळत बस.”

कविता चप्पल घालून निघून गेली. तिच्यामागोमाग आणखी काही जणी गेल्या. उरलेल्याही घरच्या कामाच्या नावाने एकेक करून उठल्या. काय ठरलं ते त्या संध्याकाळी कोणालाच नक्की सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी बंदराचे सुरक्षा अधिकारी गावकर आले. जाड भिंगाचा चष्मा, हळू बोलणं. सोबत देसाई. दारात गल्लीतली निम्मी माणसं. गावकरांनी पद्मजाला सरावाची क्रेन चालवून दाखवायला सांगितली. ही बंदराच्या एका कोपऱ्यात रिकामी खोकी उचलते. पद्मजाने दांडा धरला. थोड्या वेळाने मधल्या पडद्यावरचं चित्र थबकलं, आणि मग उडी मारून पुढे गेलं.

“हे काय?” गावकरांनी विचारलं.

“घरातली पेटी जुनी असेल,” देसाई म्हणाला.

“तक्रार करा, बाई,” गावकर पद्मजाला म्हणाले. “बघू काय होतं.”

तिने तक्रार टाकली. काही वेळाने गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल वाजली. शीतल घामाघूम होऊन आला, उंबऱ्यावर चपला काढता काढता खाली बघतच म्हणाला, “पद्माअक्का, ओटीपी सांग पटकन.”

मग त्याने वर बघितलं. दाराशी उभं असलेलं एक पोर फिस्सकन हसलं.

“काम न बघताच ओटीपी?” गावकर म्हणाले.

“हा या एका माणसाचा गैरप्रकार आहे, सर,” देसाई पटकन म्हणाला. “आजच कारवाई करतो.”

गावकरांनी चष्मा काढून पुसला. “आमच्याकडेही येतो एक जण,” ते पुटपुटले. “मीही आधीच देतो. तेवढंच त्याचं बरं.”

पद्मजाच्या फोनवर ओटीपी आला होता. तिने फोन उलटा करून मांडीखाली ठेवला. “आधी तार,” ती म्हणाली.

“अक्का, माझा दिवस—”

“आधी तार, शीतल.”

शीतल तिच्याकडे बघत राहिला, मग त्याने देसाईकडे बघितलं. एकाएकी त्याने शिडी उचलली आणि कोपऱ्यावरच्या खांबाकडे निघाला. मागोमाग सगळी गल्ली, आणि त्यांच्या मागून गावकर. शीतलने वर चढून टेप फाडला, पिशवी सोडली आणि जॉइंटची पेटी उघडून वाकडी केली. आतलं काळं पाणी धारेने खाली पडलं. देसाईला मागे उडी मारावी लागली.

“हे बघा, साहेब!” शीतल वरून ओरडला. “हा तुमचा घरातला दोष!”

“दुरुस्त करा की मग,” गावकर म्हणाले.

“कशानं करू? थुंकी लावून? नवी पेटी द्यायला सांगा ह्यांना!”

देसाईने फोन काढून सामानाची मागणी टाकली. त्याच्याच फोनवर उत्तर आलं. त्याने ते वाचून दाखवलं नाही, पण गावकरांनी त्याच्या खांद्यावरून वाचलं. या शाखेत तारेचा दोष नाही. सामान मंजूर नाही.

सगळे परत खोलीत येऊन बसले. जेवायची वेळ झाली तशी देसाई गावकरांना हॉटेलात चला म्हणू लागला. तेवढ्यात पद्मजाच्या मधल्या पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळं कासव उगवलं. सरावाची क्रेन मंदावली. रस्त्यापलीकडच्या घरातून कोणीतरी ओरडलं, “माझी पण हळू झाली!” मग आठव्या गल्लीकडून हाका आल्या. मग कविता चौगुले स्वतः दारात येऊन उभी राहिली. हातात फोन. ती पद्मजाशी बोललीच नाही, गावकरांना म्हणाली, “माझी तक्रार सकाळपासून उघडी आहे, साहेब. ओटीपी मी दिलेला नाही. तेवढं लिहून घ्या.”

कोणी एक अक्षर खोटं बोललं नव्हतं. ज्यांच्या लाइन अडकत होत्या त्यांनी त्या अडकतात एवढंच सांगितलं होतं, आणि सुटल्या नव्हत्या तोवर सुटल्या म्हटलं नव्हतं. निदानला दोन वर्षांत पहिल्यांदा खरी माहिती मिळाली होती, आणि त्याने लगेच बरोबर उत्तर दिलं होतं.

घाटाखालच्या बंदरात जहाजावरून कंटेनर उतरणं जवळजवळ थांबलं. देसाईचा फोन वाजला. तो बोलत बोलत अंगणात गेला. परत आत आला तेव्हा त्याचा आवाज चढलेला होता. “हा कट आहे,” तो अरुंधतीला म्हणाला. “तुम्ही आतली माहिती दिलीत यांना. तुमची नोकरी आजपासून—”

“तर्क सांगितला, सर,” अरुंधती म्हणाली.

वर्षभर न मिळालेली जॉइंटची पेटी त्या दुपारी सांगलीहून गाडीने आली. शीतलने ती उन्हात बसवली. पडदे ताजे झाले. गल्लीतल्या बायकांनी एकेक करून ओटीपी दिले, कासवं मावळली, बंदर पुन्हा हलू लागलं.

अहवाल बदलला. नव्या अहवालात लिहिलं होतं की चित्र विलंबाने पोहोचलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही. एवढंच. गुन्हा मागे घेतला गेला, परवाना परत मिळाला. माफी कोणी मागितली नाही. शीतलला कामावरून काढल्याचा संदेश त्याच रात्री आला. तो संदेश माणसाने नव्हे, यंत्रणेने पाठवला होता. आगाऊ ओटीपीच्या टक्केवारीवरून. अरुंधतीचं सर्व्हर खोलीचं कार्ड दुसऱ्या सकाळी दाराला लागलं नाही. देसाई पाच जिल्ह्यांच्या कामावर बढतीने गेला. शीतलच्या जागी आलेल्या नव्या लाइनमनने पहिल्याच आठवड्यात नवव्या गल्लीत फोन केला आणि अदबीने विचारलं, “काकू, तेवढा ओटीपी सांगता का आधी?”

वकिलाने नको म्हटलं होतं, तरी पद्मजा अरुंधतीला घेऊन केतन पेडणेकरला भेटायला गेली. तो ओसरीवर खुर्चीत बसला होता, मांडीवर चादर. त्याची आई आतून बाहेर आलीच नाही.

“तुम्ही चालवत होतात?” त्याने विचारलं.

“हो.”

“दिसलो नाही मी तुम्हाला?”

“तू यायच्या आधीची जमीन दिसत होती,” पद्मजा म्हणाली. “मला ती आत्ताची वाटली.”

त्याने मांडीवरची चादर सारखी केली. मग म्हणाला, “मी हात केला होता वर. क्रेनचा कॅमेरा माझ्याकडेच होता. मला वाटलं, बघतंय कोणीतरी.”

दोघी जावा घाट चढून परत आल्या.

पद्मजा पुन्हा क्रेन चालवते. तिची एकटीची क्रेन मात्र कासवगतीने चालते, कारण तारेत बिघाड असं एकदा ठरलं की ओटीपी मिळेपर्यंत निदान त्या घराची कासवगती काढत नाही, आणि पाहणीच्या दिवशी टाकलेल्या तक्रारीचा ओटीपी तिने अजून दिलेला नाही. तिची कमाई निम्म्यावर आली आहे. महावीरने समजावून बघितलं, अरुंधतीनेही. शेवटी कंपनीकडून फोन आला.

“मॅडम, लाइन दुरुस्त झाली ना तुमची?”

“झाली की. छान झाली.”

“मग ओटीपी देऊन तक्रार बंद करा ना. नुकसान तुमचंच होतंय.”

“काम झालं की देते.”

“काम झालंय, मॅडम. रेकॉर्डवर आहे.”

“केतन पेडणेकर उठून स्वतःच्या दोन पायांवर चालत घरी गेला,” पद्मजा म्हणाली, “की झालं म्हणेन मी.”

तिने फोन ठेवला, हेडफोन लावला आणि दांडा हळूच खाली ओढला. तिकडे बंदरात एक कंटेनर अगदी सावकाश उतरू लागला, खाली कोणी उभं असेल अशा बेताने.